डोरीला पांढरे ठिपके आलेत, हॉस्पिटल टँक लावतोय, कॉपर कसं द्यायचं?

खारटपाणी
नमस्कार मंडळी, डोंबिवलीहून लिहितोय. घरी तीन फुटी मरिन टँक आहे, लाइव्ह रॉक (जिवंत बॅक्टेरिया असलेले दगड), थोडे सॉफ्ट कोरल, दोन क्लाऊन मासे आणि हल्लीच आणलेली ब्लू टँग म्हणजे आपली डोरी. परवापासून डोरीच्या अंगावर आणि फिनवर पांढरे ठिपके दिसतायत, दगडाला अंग घासते, मधेच झटका मारते. क्लाऊन अजून साफ आहेत. दुकानवाला म्हणतो लसूण लावून खायला घाला आणि 'रीफ सेफ' म्हणून एक बाटली दिलीय ती टाका, माशाला बाहेर कशाला काढताय. पण इथले जुने धागे वाचून मी दोन बाय एक बाय एक फुटाचा जुना टँक हॉस्पिटल टँक म्हणून, म्हणजे आजारी मासे वेगळे ठेवायला, धुवून ठेवलाय. त्यात कॉपर म्हणजे तांब्याचं औषध किती टाकायचं, किती दिवस ठेवायचं? आणि फक्त डोरीलाच काढू ना, क्लाऊन राहूदेत?

रीफकाका
थांब जरा. आधी आजार कुठला ते ठरव, मग औषध. ठिपके सुटे सुटे मोजता येण्यासारखे आहेत का अंगभर बारीक पूड मारल्यासारखं दिसतंय? कल्ले किती जोरात हलतायत? खाते का? पाणी फिरवणाऱ्या पॉवरहेडच्या धारेत तोंड घालून उभी राहते का, लाईट लागली की अंधारात पळते का? आणि फोटो टाकशील तो निळी लाईट बंद करून टाक, निळ्या उजेडात सगळेच मासे आजारी दिसतात.

खारटपाणी
काका, ठिपके मिठाच्या दाण्याएवढे, सुटे आहेत, एका बाजूला पंधराएक असतील. खाते, नोरीवर (सुकवलेलं समुद्री शेवाळ) तुटून पडते. श्वास थोडा जोरात वाटतो पण तोंड उघडं टाकून नाही. धारेत उभी राहत नाही. गंमत म्हणजे काल सकाळी ठिपके कमी झाले होते, वाटलं बरी होतेय, आज परत जास्त.

रीफकाका
मग हा बहुतेक मरिन इक, क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवी जंतूचा आजार. अंगभर सोनेरी पूड, धापा आणि खाणं बंद असं असतं तर मी वेल्वेट (दुसरा परजीवी आजार) म्हटलं असतं आणि मग बोलत बसायला वेळ नसता, वेल्वेट दोनतीन दिवसात टँक रिकामा करतो.

आणि ठिपके कमी झाले म्हणजे बरी झाली हे डोक्यातून काढ. तो जंतू माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस खातो, मग सुटून खाली पडतो, बऱ्याचदा रात्री अंधारातच, म्हणून सकाळी मासा साफ दिसतो. खाली वाळूत दगडावर चिकटून गाठ तयार करतो आणि त्या एका गाठीतून शेकड्यांनी पिल्लं निघतात, ती माशाला शोधत फिरतात, साधारण एकदोन दिवसात मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त ह्या पोहणाऱ्या पिल्लांना. माशाच्या अंगात असताना नाही, गाठीत असताना तर नाहीच. उपचार इतका लांबतो तो ह्याच्यामुळे, आणि 'रीफ सेफ' बाटल्यांवर माझा विश्वास नाही तो पण ह्याच्यामुळे, जे औषध ह्या पिल्लांना मारेल ते कोरलच्या टँकमधल्या बाकी बारीक जीवांना सोडेल कसं?

आणि हो, सगळे मासे बाहेर. क्लाऊन पण. ठिपका दिसत नाही म्हणजे जंतू नाही असं नसतं, कधीकधी नुसत्या कल्ल्यात असतो.

टँकवेडा
माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या टँगला दोनदा इक आला, मी लसूण आणि व्हिटॅमिन देऊन आणि दोन क्लीनर श्रिंप (मासे साफ करणारी कोळंबी) सोडून बरा केला. मासा पकडायला सगळे दगड उपसायचे, माशाला ताण, तुम्हाला ताण. चांगलं खायला घाला, पाणी चांगलं ठेवा, मासा स्वतः लढतो.

चिंबोरी
टँकवेडा दादा, दोनदा आला म्हणजे पहिल्यांदा गेलाच नव्हता ना. मासा लढतो हे खरं आहे, एकदा आजार झेलला की काही महिने प्रतिकारशक्ती राहते, पण जंतू टँकमध्येच असतो, नवीन मासा आणला किंवा उन्हाळ्यात पाणी तापलं की परत वर येतो. क्लीनर श्रिंप कातडीखालचा इक काढून खाते ह्याला काही आधार नाही बरं. लसणाने मासा जेवतो जास्त, एवढंच.

आणि खारटपाणी, राग मानू नका पण तीन फुटात डोरी? ती वाढून फूटभर होते हो. आत्ता बरी करा, पण पुढे मोठ्या टँकवाल्याला द्यायचा विचार करा.

खारटपाणी
ताई, दुकानात रुपयाएवढी होती :) बरोबर आहे, मित्राचा सहा फुटी आहे त्याच्याशी बोलतो. आत्ता हॉस्पिटल टँकचं सांगा, आज रात्री लावायचाय.

वाफोळी
मी सांगतो, माझा वर्षातून दोनतीनदा लागतोच. खाली काही टाकायचं नाही, ना वाळू ना लाइव्ह रॉक, कारण कोरल वाळू आणि दगड कॉपर पिऊन घेतात, तुमचं मोजमाप खाली जातं आणि मग नको तेव्हा सोडतात. लपायला प्लंबरच्या दुकानातून पीव्हीसीचे दोन इंची एल्बो आणि टी आणा, नवे कोरे, सोल्युशन न लावलेले. हीटर आत्ताच्या दिवसात लागला नाही तरी लावून ठेवा, पहाटे तापमान पडतं. लाईट नको, खोलीतला उजेड पुरतो. वर झाकण किंवा जाळी, डोरी घाबरली की उडी मारते. एअर पंप मोठा लावा कारण औषधात आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो, आणि लाईट जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप शेजारी ठेवाच. फिल्टर म्हणजे स्पंज फिल्टर, आणि आता खरी गोष्ट, तो स्पंज तुमच्या सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) आधीपासून मुरत पडलेला असेल, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया त्यात बसलेले असतील, तर तुम्ही अर्धी लढाई जिंकलात. नसेल तर बाटलीतले बॅक्टेरिया टाका, पण त्याच्यावर विसंबू नका, रोज अमोनिया मोजा. हॉस्पिटल टँकमध्ये मासे इकने कमी आणि अमोनियाने जास्त मरतात आणि लोक म्हणतात कॉपरने मारला.

रीफकाका
हे वरचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, तिथे अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. गोड्यात ज्याच्यावर मासा निभावून नेईल तेवढ्यात इकडे कल्ले भाजतात. अमोनियाचा बॅज मिळतो तो आत काचेला चिकटवून ठेव, रंग बदलला की पाणी बदल, विचार करत बसू नको. त्यासाठी मिठाचं पाणी आधीच मिसळून ढवळून एका ड्रममध्ये तयार हवं, रात्री दोन वाजता मीठ विरघळवत बसायची वेळ येऊ नये.

पाटणकरवाडी
मीठ महाग पडतं राव. जुहूचं किंवा अलिबागचं समुद्राचं पाणी आणलं तर नाही का चालणार? आणि कॉपर म्हणजे मोरचूदच ना, कृषी केंद्रात किलोने मिळतो, बाटली कशाला?

चिंबोरी
किनाऱ्याचं पाणी आजारी माशाला नको. नाले त्यातच येतात, पावसाळ्यात तर खारेपणाही पडलेला असतो. मोठ्या बोटीवाल्यांकडून आतलं पाणी आणणारे लोक आहेत, ते वेगळं.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, बरोबर, आणि मोठ्या फार्मवर वापरतात पण. पण त्यातला कॉपर मोकळा असतो, खाऱ्या पाण्यातल्या कार्बोनेटशी बसून खाली जातो, म्हणून लेव्हल ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या अरुंद पट्टीत धरायला दिवसातून दोनदा मोजावं लागतं. खाली गेलं की जंतू जगतो, वर गेलं की मासा मरतो. शिवाय कृषी केंद्रातल्या पुडीत अजून काय काय आहे देव जाणे. घरी नको.

रीफकाका
बाटलीतल्या कॉपरचे दोन प्रकार समज आणि एकमेकांचे आकडे मिसळू नको, निम्मे घोटाळे तिथेच होतात.

एक चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेला कॉपर, कॉपर पॉवर, कॉपरसेफ वगैरे. त्याची लेव्हल २.० ते २.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) लागते. दुसरा क्युप्रामीन, त्याची लेव्हल ०.५. आता कोणी इकडचं वाचून क्युप्रामीन दोनवर नेलं तर संपलं सगळं. क्युप्रामीन ४० लिटरला १ मिली टाकलं की ०.२५ होतं, ४८ तास थांबून परत तेवढंच, म्हणजे ०.५. नवीन माणसाला मी चिलेटेड सुचवतो, थोडं इकडेतिकडे झालं तर मासा सहन करतो.

तुझा टँक बाहेरून छप्पन लिटर भरतो, पण वरून दोन इंच मोकळं, काचेची जाडी, एल्बो, हे सगळं वजा करून आत खरं पाणी ४५च्या आसपास असेल. बादलीने मोजून भर आणि तो आकडा काचेवर मार्करने लिही. एका झटक्यात पूर्ण डोस नको, दोनतीन दिवसात चढव, नाहीतर मासा जेवण सोडतो. पण वेल्वेट असता तर मी इतकं हळू नसतं सांगितलं.

मोजायला हॅनाचा डिजिटल कॉपर चेकर घे, हाय रेंजवाला. महाग आहे, माहितीये. पण रंग जुळवायच्या किटमध्ये दोन आणि अडीच सारखेच दिसतात, चष्मा लावून पण. ग्रुपमध्ये चारपाच जणांनी मिळून एक घ्या आणि फिरवा, आम्ही ठाण्यात तसंच केलंय.

सिंधुसखी
कॉपर नकोच वाटत असेल तर हायपोसॅलिनिटी पण आहे की. पाण्याचा खारेपणा उतरवून विशिष्ट गुरुत्व १.००९ वर आणून तीस दिवस, औषध काही नाही. मी टँगला नेहमी हेच करते, जेवतात पण छान.

रीफकाका
सिंधुसखी ताई, चालतं, मी नाही म्हणणार नाही. पण त्यात १.०११ झालं तर उपयोग नाही, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन पाण्यावर जुळवलेला पाहिजे आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी इतकं उडतं की रोज सकाळ संध्याकाळ गोडं पाणी भरावं लागतं. अल्कलिनिटी पडते म्हणून पीएच पण खाली येतो. आणि वेल्वेटला ह्याचा काही फरक पडत नाही. निदान चुकलं असेल तर कॉपर दोन्हीवर चालतं, हायपो एकावरच. म्हणून फोटोवरून निदान करताना मी कॉपरकडे झुकतो.

सिंधुसखी
हे मान्य. पण ज्यांच्याकडे कॉपरचा चेकर नाही आणि आणणार पण नाहीत त्यांनी अंदाजाने कॉपर टाकण्यापेक्षा हायपो बरं, एवढंच माझं म्हणणं. आणि वर येताना हळूहळू, आठवडाभर लावून. खाली जाणं माशाला सोपं, वर येणं जड.

रीफकाका
ह्यावर सही.

खारटपाणी
अपडेट. दगड अर्धे बाहेर काढले तेव्हा कुठे डोरी सापडली, बायको टॉर्च धरून उभी होती, आमचं दोघांचं बोलणं छापण्यासारखं नाही. तिन्ही मासे हॉस्पिटल टँकमध्ये. सम्पमध्ये फोमचा जुना तुकडा होता तो स्पंज फिल्टरवर गुंडाळलाय. चिलेटेड कॉपर आज १.२ वर. क्लाऊन खातायत, डोरी एल्बोत बसून बघतेय. एक प्रश्न, अमोनिया बॅज किंचित हिरवट झालाय. घरात प्राईम आहे ते टाकू का?

वाफोळी
नको नको. कॉपर असताना अमोनिया बांधणारं औषध टाकायचं नाही, त्या रसायनाने कॉपरचं रूप बदलून तो जास्त विषारी होतो. क्युप्रामीनच्या बाबतीत तर कंपनी स्वतःच नको म्हणते, आपण चिलेटेडला पण तोच नियम लावू. पाणी बदला, पण बदलायच्या पाण्यात आधीच तेवढीच कॉपरची लेव्हल करून घ्या म्हणजे आकडा पडत नाही. आणि खायला कमी घाला, डोरीने न खाल्लेली नोरी तासाभरात काढून टाका. कार्बन पण नको फिल्टरमध्ये, तो कॉपर ओढून घेतो.

खारटपाणी
बरं झालं विचारलं. निम्मं पाणी बदललं, बॅज पिवळा.

मालवणीमसाला
मधेच बोलतो. डोरी खात नसेल तर बाजारातून ताज्या तिसऱ्या आणा, दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग एक शिंपली उघडून तशीच अर्धी आत ठेवा. टोचून टोचून खातात. क्लाऊनना करंदी बारीक चिरून. फ्रीजरमध्ये ठेवायचं विसरू नका, बाजारच्या मालाबरोबर नको ते पाहुणे येतात. नोरी सुशीची चालते, बिनमिठाची बिनमसाल्याची.

घनःश्याम_नाशिक
माझ्याकडे ह्याच आठवड्यात क्लाऊन आणला, अंगावर पांढरं चिकट सोलल्यासारखं निघतंय आणि धापा टाकतोय. मी पण कॉपर चालू करू का? ह्याच धाग्यात विचारतो, माफ करा.

चिंबोरी
थांबा, तुमचं प्रकरण वेगळं वाटतंय. क्लाऊनला असा शेंबडासारखा थर आणि धापा म्हणजे ब्रूकलिनेला नावाचा परजीवी असू शकतो, त्याला 'क्लाऊनफिश डिसीज'च म्हणतात लोक. त्यावर कॉपर चालत नाही. फॉर्मलिनची अंघोळ लागते आणि फॉर्मलिन म्हणजे खेळ नाही, कॅन्सरकारक आहे, वास डोळ्यात जातो, हातमोजे, खिडक्या उघड्या, घरात लहान मूल असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आत्ता लगेच करता येण्यासारखं म्हणजे गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवणं, पाण्याचं तापमान आणि पीएच टँकएवढंच, खाण्याच्या सोड्याने पीएच चढवता येतो, एअर स्टोन चालू ठेवायचा. आडवा पडला तरी घाबरू नका, पण धडपड थांबली आणि अगदीच निपचित झाला तर बाहेर. त्याने रोग जात नाही, श्वासाला आराम मिळतो. नवा धागा काढा, फोटोसकट, मी आज रात्री ऑनलाईन आहे.

आणि जमेल तेव्हा हॅचरीतले क्लाऊन घ्या हो सगळ्यांनी. आपल्याकडे ऐरोलीलाच होतात, सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) पण कधीपासून करून दाखवलेत. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा दणकट असतात. दुकानात सगळ्या टँकचं पाणी एकच फिरत असेल तर तिथे लागण होणारच, तो भाग वेगळा.

टँकवेडा
एक शंका, टोमणा नाही. ते टँक ट्रान्सफर म्हणतात ते का नाही करत? औषधच नाही त्यात.

रीफकाका
चांगला प्रश्न. दर ७२ तासांच्या आत मासा नव्या कोरड्या निर्जंतुक टँकमध्ये, नव्या पाण्यात, चार वेळा हलवायचा, बारा दिवसात काम होतं. सुटलेला जंतू मागच्या टँकमध्ये राहतो, पिल्लं निघायच्या आत मासा पुढे गेलेला असतो. इकवर उत्तम आहे. पण दोन संच लागतात, प्रत्येक वेळी शंभर टक्के नवं पाणी, स्पंज पण बदलायचा, आणि वेल्वेटवर चालत नाही. एक छोटा मासा असेल तर मी तेच करतो. तीन मासे आणि नोकरी असेल तर कॉपर.

खारटपाणी
अपडेट. कॉपर २.२ वर स्थिर, रोज रात्री मोजतो. डोरीने आज तिसऱ्यांची शिंपली टोचून खाल्ली, मालवणीमसाला दादांना धन्यवाद. ठिपके दिसत नाहीत. आता विचारतो, मोठा टँक किती दिवस बिनमाशाचा ठेवायचा? घरचे रोज विचारतात रिकाम्या टँकची लाईट कशाला चालू.

रीफकाका
लाईट कोरलसाठी चालू ठेवावी लागणार, घरच्यांना तसंच सांग. मासे नसले की जंतू उपाशी मरतो, पण गाठी उशिरा फुटणाऱ्या पण असतात, थंड पाण्यात ७२ दिवसांपर्यंत फुटलेल्या नोंदवल्यात, त्यावरून ७६ दिवसांचा नियम आला. पाणी २७ अंशावर धरलं तर सहा आठवडे पुरतात असं आता बरेच जण मानतात. तुला मोठ्या टँकमध्ये परत महागाचे मासे सोडायचेत, मी तुझ्या जागी ७६ धरेन. गोगलगायी, खेकडे, कोरल आत राहूदेत, त्यांना इक होत नाही, पण त्यांच्या शंखावर गाठ चिकटून येऊ शकते म्हणून ह्या काळात नवीन काही आत टाकायचं नाही. आणि दोन टँकची जाळी, पाइप, हात वेगळे. आधी मोठ्या टँकचं काम, मग हॉस्पिटलचं. उलटं केलं तर कॉपर आणि जंतू दोन्ही इकडून तिकडे.

मासे तीस दिवस पूर्ण लेव्हलवर ठेव, मोजणी लेव्हल गाठल्या दिवसापासून. मधे एक दिवस जरी १.८ला पडलं तर मी परत पहिल्यापासून मोजतो. इथे काही जण चौदा दिवसांनी दुसऱ्या स्वच्छ टँकमध्ये हलवतात, ते पण बरोबर आहे, पण तो टँक खरंच स्वच्छ पाहिजे आणि मोठ्या टँकपासून दहा फूट लांब, कारण एअर स्टोनच्या तुषारांतून पण जंतू उडतात.

सिंधुसखी
आणि तीस दिवस झाले की कॉपर काढून लगेच मोठ्या टँकमध्ये नाही जायचं, मोठा टँक रिकामा असेपर्यंत त्याच टँकमध्ये बिन औषधाचं ठेवून बघा. तेव्हा प्राझिक्वांटेल पण देऊन घ्या, अंगावरच्या फ्लूक्स म्हणजे चपट्या कृमींसाठी, ते कॉपरने मरत नाहीत.

पाटणकरवाडी
शेवटी हा हॉस्पिटल टँक नंतर कोरलसाठी वापरता येतो का? का कॉपर काचेत मुरतो?

वाफोळी
काचेत नाही मुरत. सिलिकॉनमध्ये थोडा बसतो असं म्हणतात, पण व्हिनेगरने घासून, दोनतीनदा पाणी भरून काढून, वाळवून, मग कार्बन लावून चेकरने शून्य आलं तर मी मासे ठेवायला बिनदिक्कत वापरतो. कोरल आणि श्रिंपसाठी मात्र मी नाही वापरत, दोन फुटी टँक काय किमतीला पडतो आणि एक कोरल काय किमतीला. स्पंज आणि एल्बो हॉस्पिटलसाठीच बाजूला डब्यात ठेवा, वर 'कॉपर' लिहून.

खारटपाणी
मित्र म्हणाला सहा फुटीत जागा आहे, पण डोरी बरी झाली की त्याच्याकडे पण तीस दिवस वेगळी ठेवणार, त्याने स्वतःहूनच सांगितलं. त्याला हा धागा पाठवलाय. वाफोळी दादा, प्राझिक्वांटेल कॉपर काढल्यावर किती दिवसांनी चालू करू, आणि माणसांची गोळी चालते का?

वाफोळी
कार्बन एक दिवस, चेकर शून्य, मग चालू करा. २.५ मिलिग्रॅम प्रति लिटर, सात दिवसांनी पाणी बदलून परत एकदा. गोळीत भराव असतो आणि पाणी गढूळ होतं, शुद्ध पावडर मिळाली तर बरी. देताना एअर जास्त, प्राझीने ऑक्सिजन पडतो. आणि पाणी गढूळ दिसायला लागलं तर वाट बघू नका, बदला.